घट

मी आटपाडीचा, गलाईवाला.
फहाहीलच्या सोनेबाजारामागे तळघरात
कारागिरांच्या खोल्यांतला केर विकत घेतो.
पायपुसणी, झिजलेले झाडू, हात धुतलेलं पाणी;
जाळतो, कुटतो, चाळतो, आटवतो.
शेवटी मुशीच्या तळाशी
गुंजेएवढं काही उरतं.
जे उरत नाही, त्याला आम्ही घट म्हणतो
आणि वहीत वेगळ्या रकान्यात लिहितो.

एका ऑक्टोबरात पाण्याच्या टँकरवर असणारा अबू धारी
पिशवीभर भुसा घेऊन आला.
"हे चाळ," म्हणाला, "तुझ्या हाताला जमेल."
सोनं नव्हतं. अर्फज होतं.
त्याच्या लहानपणी साल्मीच्या वाटेनं
नजर पोचेल तिथवर पिवळं असायचं म्हणे.
मग उंटांनी खाल्लं, गाड्यांनी तुडवलं,
आता आहे ते तारेच्या आत.

आधी जाड चाळणी, मग बारीक, मग ओढणीचं कापड.
बोंडं अशी चिवट, की खलात हलक्या हातानं घोळवली
तेव्हा कुठं सुटली.
अडुसष्ट दाणे.
मिलिग्रॅम मोजणाऱ्या काट्यावर ठेवले.
काटा काहीच बोलला नाही.

दोन डब्यांत वाळू भरून पेरले.
जानेवारीत एका डब्यात नऊ कोंब, दुसऱ्यात दोन.
जूनमध्ये पानं गळाली, करड्या काड्या राहिल्या.
आणि मी माणदेशी माणूस,
थेंब वाया जाताना बघवत नाही;
मोठा डबा एसीच्या नळीखाली सरकवला.
फुकटचं पाणी, दिवसरात्र.
ऑगस्टमध्ये मुळं कुजल्याचा वास आला.
दुसरा डबा गच्चीवर, डिशच्या छत्रीमागे,
तो तर मी विसरूनच गेलो होतो.

कालिंदीला व्हिडिओ कॉलवर दाखवला.
"काटक्या कशापायी दावताय?
वाळलंय जनू ते."
मला पण तसंच वाटलं.
अबू धारीनं काडीवर नखानं रेघ ओढली,
कसोटीवर ओढावी तशी.
आत हिरवं.
"झोपलंय," म्हणाला. "इस्बिर. पाणी नको घालू."
ही असली राखण मला कुणी शिकवली नव्हती,
हात बांधून करायची.

चौकातली पेटुनिया ट्रकमधून आली,
मे महिन्यात ट्रकमधूनच गेली, मुळांसकट.
माझा इकामा एकदा नवा झाला, शेजारच्या बाळूचा झाला नाही.
त्याची गादी दोन दिवस जिन्यात उभी होती.

मग मार्चअखेरीस, शुक्रवारी,
कपडे वाळत घालायला वर गेलो तर
दोन्ही काटक्यांना पिवळं.
बटणाएवढी फुलं, मोजली तर एकतीस.
सोन्यासारखी म्हणणार नाही मी,
सोनं मला रोज दिसतं, ते इतकं पिवळं नसतं.

आणि त्यावर ती.
मधमाशी म्हणावी तर नव्हे; काळसर, बारकी,
पायांना केस.
एका फुलात अंगभर लोळायची, मग दुसऱ्यात.
अबू धारी सांगतो, ही एकटी राहते, जमिनीत बीळ करून.
पेट्रोल पंपामागच्या पडीक प्लॉटात असेल कुठं तरी.
तिथून चार मजले वर
हिला कुणी कळवलं?

आमच्याकडे संध्याकाळी सुटताना
कारागिराच्या बाह्या झटकतात, केसांतून ब्रश फिरवतात,
नखं बघतात.
ही पोटभर पिवळी धूळ माखून
माझ्या कानाजवळून निघून गेली.

खाली येऊन घटीच्या रकान्यात तारीख लिहिली,
वजनाची जागा मोकळी सोडली.

जूनमध्ये बोंडं वाळतील.
बारकी चाळणी आत्ताच धुऊन ठेवलीय,
जाळीत कुठं
सोन्याचा कण राहायला नको.